आहार-जल शुद्ध

"आत्या, मुगात चांद उगवलाय व्हय? दुर्बीण लावून बसलाय!"

सुनेचा, दीपालीचा आवाज आला तशी सुपातले मूग निवडत बसलेल्या पद्मावतीनं डोळ्यापुढची मूठ सोडली. "ऊन येतंय गं डोळ्यांवर."

ऊन कुठलं यायला, सूर्य तर पाठीशी होता. मूठ आवळून बोटांत तिळाएवढं भोक ठेवलं, की त्यातून एका मुगाचा एकच मूग दिसे. मूठ काढली की एकाचे दोन, दोनाचे चार, आणि कडेला सावलीची शेपटी.

"बुबुळाचा आकार बिघडलाय, मावशी," सांगलीचे डॉक्टर म्हणाले होते. "उजेड एका जागी जमत नाही. साध्या चष्म्यानं भागायचं नाही, डोळ्यात कडक भिंग घालावं लागेल."

हे तिनं घरी सांगितलंच नाही. सांगितलं असतं तर हातातलं सूप गेलं असतं, आणि सुपाबरोबर महाराजांना घास द्यायचा मानही.

दिगंबर जैन मुनिमहाराज गावात होते. दिवसातून एकदाच अन्न, एकदाच पाणी, तेही उभ्यानं, ओंजळीत. घासात केस निघाला, की ओंजळ सुटली. मग उद्यापर्यंत थेंब नाही. आणि बाहेर वैशाख तापलेला.

आहाराच्या वेळी महाराज नेमके तिच्याच दारात थांबले. पाय धुऊन झाले, ते चौक्यात, आहारासाठी राखलेल्या जागेत, उभे राहिले. आतल्या सावलीत पद्मावतीची नजर आणखीच विरघळली. भातावर काळी रेघ दिसली. केस? का डोळ्याची खोड? मूठ लावून बघावं, तर भोवती सारी भावकी उभी.

"शुद्धी म्हण की," नवरा, शांतिनाथ, पुटपुटला. "महाराज खोळंबल्यात."

"मनशुद्धी, वचनशुद्धी, कायशुद्धी..."

पुढचं 'आहार-जल शुद्ध', ही अन्नपाण्याची ग्वाही, जिभेवर येईना. आपला एक शब्द खोटा ठरला, तर तो माणूस उपाशी राहील.

"अगं, काय झालं?" शांतिनाथनं विचारलं.

"दीपाली, तू बघ गं. मला दिसत न्हाई."

"काय दिसत न्हाई, आत्या?"

"कायच धड दिसत न्हाई. वरीस झालं."

दीपालीनं भाताचं पातेलं खिडकीशी नेलं, पुन्हा पुन्हा न्याहाळलं.

"सोच्छ हाय, आत्या. एक खडासुदीक न्हाई."

मग तिनंच उरलेले शब्द म्हटले. महाराजांनी ओंजळ पुढं केली, आणि पहिला घास दीपालीच्या हातून ओंजळीत पडला.

पद्मावती भिंतीशी सरकली. तिकडं घास पडला, की इकडं तिचा रिकामा उजवा हात आपसूक उचलला जायचा. दोनदा झालं, तीनदा झालं. मग तिनं तो डाव्या हातानं घट्ट धरून ठेवला.