काठावरची वाळू

कारखान्याच्या टाउनशिपमधल्या गोल्फ मैदानावर नऊ होल होते, नऊ झेंडे, त्यातले दोन फाटके, आणि हिरवळ एकाही होलभोवती नव्हती. भोपाळच्या उन्हाळ्यात तेवढं पाणी आणायचं कुठून? म्हणून प्रत्येक होलभोवती सोळा पावलं रुंद वाळूचं वर्तुळ असे. वाळू उडू नये म्हणून ती तेलात कालवलेली. त्याला सगळे ‘ब्राउन’ म्हणत. कारखान्यातून फोरमन म्हणून निवृत्त झालेल्या प्रभाकररावांनी शेजारच्या ऋचा मोहरीलला याच नऊ वर्तुळांवर शिकवलं होतं.

तीच ऋचा आज स्कॉटलंडमध्ये मेजर खेळत होती. व्यावसायिक महिला गोल्फमध्ये अशा मोठ्या स्पर्धा वर्षाला पाचच. दोन दिवसांच्या खेळानंतर निम्म्याहून जास्त जणी घरी जातात. ती रेषा म्हणजे कट. आज दुसरा दिवस होता आणि भोपाळच्या सोनागिरी भागातल्या घरात प्रभाकरराव टीव्हीसमोर सोफ्याच्या अगदी कडेला बसले होते.

“मागे टेकून बसा, पडाल,” त्यांच्या पत्नी कमलताई म्हणाल्या. “खेळतेय ती, आणि घाम तुम्हाला.”

“मानसी, किती झाले?”

“बाबा, आत्ताच तर सांगितलं!” मुलीने मोबाइलवरून मान वर केली. “ठरलेल्या फटक्यांपेक्षा दोन जास्त. कट तीनवर आहे. म्हणजे एक फटका शिल्लक, होल दोन.”

सतराव्या होलला ऋचाचा चेंडू हिरवळीच्या जेमतेम बाहेर, काठाच्या गवतावर थांबला. पुढे वाटेत थोडी वाळू सांडलेली होती, आधीच्या गटातल्या कुणीतरी वाळूच्या खड्ड्यातून फटका मारताना उडवलेली. ऋचा वाकली आणि तळहाताने ती सहज बाजूला सारली.

प्रभाकरराव उठून उभे राहिले.

“काय झालं?” कमलताईंनी विचारलं.

“हिरवळीवरची वाळू काढता येते. काठावरची नाही. दोन फटक्यांचा दंड.”

ब्राउनवर पट मारण्याआधी, म्हणजे चेंडू होलकडे हलकेच टोलवण्याआधी, हात फिरवून वाट साफ करायची, काठावरसुद्धा. टाउनशिपचा तसा नियमच होता. ‘हात फिरवल्याशिवाय पट नाही,’ असं ते तिला रोज बजावत.

“पण कुणी पाहिलंच नाही,” मानसी म्हणाली. “जोडीदारीण तिच्या चेंडूकडे बघतेय. कॉमेंट्रीवालेसुद्धा हवामानावर बोलतायत.”

खेळ लवकर पुढे सरकावा असं प्रभाकररावांना क्षणभर वाटलं, आणि ते वाटल्याची लाजही वाटली.

पडद्यावर ऋचा पट मारायला उभी राहिली, आणि थांबली. तिने तळहात उलटा करून पाहिला. मग तोच हात उंच करून रेफरीला बोलावलं. वाकून जागा दाखवली, हात कसा फिरवला तेही करून दाखवलं. रेफरी बाईंनी काही विचारलं. ऋचाने मान डोलावली.

“वेडी आहे का ही?” मानसी पुटपुटली.

“सवय कुणाची, ते मी विचारत नाही,” कमलताई म्हणाल्या.

“माझीच,” प्रभाकरराव म्हणाले. “वाळू सारायची माझी. हात वर करायचं मी नव्हतं शिकवलं.”

दंड धरून सतराव्याला चारचे सहा झाले. आता एकूण चार जास्त. अठराव्यावर एक फटका वाचवला, चारऐवजी तीनमध्ये होल संपवलं, तरच कट.

ऋचाने घाई केली नाही. पहिला फटका मधोमध गेला. दुसऱ्याने चेंडू हिरवळीवर, झेंड्यापासून नऊ फुटांवर आला. वाऱ्याने तिची टोपी उडाली. ती जाऊन घेऊन आली, डोक्यावर दाबून बसवली आणि उतार दोन्ही बाजूंनी पाहिला. दंड झालेली बाई ही नव्हेच, असं वाटावं इतकी शांत.

“बाबा, बसा ना.”

ते उभेच राहिले. ऋचाने पट मारला. चेंडू वळणावर बरोबर वळला, सरळ झाला, हळू झाला.

होलपासून तीन इंच.

ऋचा मोहरील : चार जास्त. कट : तीन.