गडग्यापलीकडच्या वहिनी

फाल्गुनातल्या सकाळी पातेरा झाडण्याचा कोरडा, खसखसता आवाज आला की वाटे, उन्हालाच वाचा फुटली. आमच्या आणि वहिनींच्या घरांमध्ये जांभ्या दगडांचा कमरेइतका गडगा होता. त्यापलीकडे त्या ओणव्या होऊन वाळली पानं लोटत, आणि आंब्याच्या मोहोरातून गळणारं पिवळसर ऊन त्यांच्या पांढऱ्या होत चाललेल्या केसांवर क्षणभर थांबून मातीत उतरे. त्यांना घाई नसे. ज्या बाईशी दिवसभर कुणी बोलणार नाही, तिला दिवस असाच थोडा थोडा पुढे लोटावा लागतो.

कुणी बोलत नसे, याचं कारण मी.

थोरला भाऊ अकाली गेला आणि थोड्याच वर्षांत मी दारूत बुडालो. मुंबईची नोकरी सुटली, बायकोचे दागिने गेले. मग घरात आणि गावात कुजबुज उठली, की विधवा भावजयीनेच करणी केली. माझ्यावर करणी करणारा हात माझाच होता, हे मला ठाऊक होतं. पण करणी झालेल्या माणसाला कुणी बोल लावत नाही; त्याची कीव करतात, आणि त्या किवेच्या सावलीत निवांत पिता येतं. मी गप्प राहिलो. वहिनीही गप्प राहिल्या. खोल विहिरीच्या पाण्यासारख्या, वरून काळ्या दिसणाऱ्या, आत नितळ. शिमग्यात ग्रामदेवीची पालखी त्यांच्याही दारी जाई, कारण देव घर चुकवत नाही. माणसं मात्र त्यांच्या ताटातलं खोबरं उचलत नसत.

म्हातारपणी मी रत्नागिरीला व्यसनमुक्तीच्या बैठकांना जाऊ लागलो, दारू सुटली. तिथले एक जुने सभासद एकदा म्हणाले, "देवावर भार टाका, अण्णा. पण खोटं सांगून टाकू नका."

त्या शिमग्यात पालखी माझ्या अंगणात टेकली. गुरव गाऱ्हाणं घालू लागला, "कुनाची नजर, कुनाची करनी असंल, ती दूर कर म्हाराजा..."

मी त्याला थांबवलं. देवीला म्हणालो, "आई, करणी कुणीच केली नाही. मी माझ्या हातानं प्यायलो. वहिनींवर आळ आला, तो मी येऊ दिला."

"व्हय म्हाराजा!" सगळे एका सुरात म्हणाले. गाऱ्हाण्याला म्हणतात तसंच, सवयीनं. लगेच ढोल कडाडला आणि पालखी उठली.

पलीकडे पालखी पोचली तेव्हा वहिनी ताट घेऊन उभ्या होत्या. एका चिमुरडीनं खोबऱ्याला हात घातला. तिच्या आईनं तो मागे ओढला.

माणसं पांगल्यावर मी गेलो. "वहिनी, मी सांगितलं सगळ्यांना."

"आयकलं मी, भावोजी. घसा अजून खनखनीत हाय तुमचा." मग ताटाकडे बघत म्हणाल्या, "त्यांची तरी काय चूक? इतकी वर्सं घेतलं नाय, आता घ्यायचं कसं, ते त्यांनाबी ठावं नाय."

मी एक तुकडा उचलला. त्या हसल्या. "तुमचं काय सांगू नका. तुमी माझ्या लग्नापास्नं फडताळातलं चोरून खाताव."

त्यानंतर मी दारोदार जाऊन सांगितलं. लोक म्हणत, "जाऊ दे अण्णा, कशाला उकरता?" कार्तिकात वहिनी गेल्या. तेव्हा सगळा गाव आला, आणि बाई फार सोसणारी होती, असं प्रत्येकजण म्हणाला.

व्यसन सुटलं की वाटतं, आयुष्य परत मिळालं. मिळतं ते आपलं. दुसऱ्याचं जे आयुष्य आपण वापरून टाकलं, ते काळ कुणालाच परत करत नाही. आणि ते कसं होतं, हे आठवायला मागे उरतो तो नेमका वापरणारा.