चहाच्या टोपाखालची काळी लादी

मी इथून बोलतेय, चहाच्या टोपाखालून. मी एक काळी लादी. राहते वाकोल्याच्या एका खोलीत, पण जन्मले अंधेरीच्या कारखान्यात, मोठ्या भट्टीसाठी.

नुसती भाजलेली माती लाल तापवून पाण्यात टाकली की तिचे तुकडे होतात. म्हणून माझ्या पोटात कार्बनचे काळे धागे आडवे-उभे घातले. ते घातले दत्तारामांनी. संपात त्यांचं कापडगिरणीतलं काम सुटलं होतं. इथलं कामही बोलीवर होतं. पहिली लादी टिकली तर नोकरी, नाहीतर घरी.

ती पहिली लादी मी.

मांडताना एक धागा तुटला. दत्तारामांच्या बोटांनी त्यांना न विचारताच गाठ मारली, गिरणीत मारत तशी. वर लगदा बसला, मी भाजून निघाले, आणि गाठीचा उंचवटा माझ्या पाठीवर राहिला.

सोबतचे गुणाजी हसले, "दत्त्या, लादी केलंस की लुगडा? पदर खंय हा?"

दत्ताराम हसले नाहीत. घाम पुसायला काढलेला रुमाल मुठीतच राहिला.

इंजिनियर जया मॅडमनी मला तापवलं आणि चिमट्याने थंड पाण्यात सोडलं. चर्र झालं! गाठीपासून कडेपर्यंत तडा गेला. फार दुखलं. पण आतल्या धाग्यांनी मला सोडलं नाही. मॅडमनी दोन्ही हातांनी मोडून पाहिलं, मी मोडले नाही.

"हाताची सवय, मॅडम," दत्ताराम पुटपुटले.

"गाठीमुळे तडा गेला, काका. पण बाकी धागे नीट मांडलेत, म्हणून तुकडे नाही झाले. उद्यापासून गाठ नको, टोकावर टोक ठेवायचं."

"उद्यापासून?"

"मग काय परवापासून?"

तेव्हा कुठे त्यांनी घाम पुसला.

तडा गेलेली लादी भट्टीला चालत नाही. मला पेपरात गुंडाळून त्यांनी घरी आणलं.

"अवो, ह्या फुटका कित्याक हाडलात?" त्यांच्या बायको, प्रेमाताई, म्हणाल्या.

"फुटाक नाय ता. नुसतो तडो गेलो हा."

तेव्हापासून स्टोवरचा टोप माझ्यावर उतरतो. त्या भट्टीनंतर चहाची ऊब म्हणजे लाडच! रोज कामावर निघताना दत्ताराम माझ्या गाठीवरून अंगठा फिरवतात.

तुमच्याकडे माझ्यासारखं कुणी असेल, तर घासताना त्याच्या उंचवट्यावर हात जरा हळू फिरवा. कुणाच्या तरी बोटांची ती सवय असते.