डब्यात सगळं आहे

कारखान्यात त्यांना सगळे काटेबाई म्हणत. पॅकिंग हॉलच्या टोकाला वजनकाट्यापाशी त्या एकोणीस वर्षं उभ्या होत्या. गरोदर बायकांसाठीच्या पोषण पावडरीचा डबा चारशे ग्रॅमचा. तीनशे अठ्ठ्याण्णव भरला की काटेबाई तो बाजूला काढायच्या, मग फोरमन कितीही डोळे वटारोत. जावई गमतीने म्हणायचा, "आईंना नुसतं बघून माणसाचं वजन कळतं. मी जेवून त्यांच्यासमोर जातच नाही."

चेपलेले डबे कामगारांना घरी नेता येत. लेकीला मूल हवं होतं, तेव्हा डॉक्टरीणबाईंनी तिला फोलिक ॲसिडच्या गोळ्या लिहून दिल्या. बाळाचा कणा पहिल्या काही आठवड्यांतच तयार होतो, म्हणून दिवस राहायच्या आधीपासून घ्यायच्या, असं बजावलं. पण गोळी म्हटलं की लेकीचा घसा लहानपणापासूनच मिटायचा. काटेबाईंनी तिच्यापुढे डबा ठेवला.

"हे वाच. फोलिक ॲसिड, लोह, बी-बारा, आयोडीन. डब्यात सगळं आहे. वर आणखी गोळ्या कशाला?"

लेकीलाही तेच ऐकायचं होतं. गोळ्या खणात गेल्या. पुढे दिवस राहिले, लोहाच्या गोळ्या मिळाल्या, त्याही त्याच खणात गेल्या. सकाळ-संध्याकाळ पेलाभर पावडर मात्र एकदाही चुकली नाही.

लेक केस कापायच्या दुकानात कामाला होती. पाचव्या महिन्यात एका दुपारी एका बाईंचे अर्धे केस कापून झाले आणि तिच्या हातातली कात्री गळून पडली. ती खुर्चीच्या पाठीला धरत धरत खाली बसली. त्या बाईच तशाच अर्धवट केसांनिशी तिला रिक्षात घालून दवाखान्यात घेऊन गेल्या. काटेबाई धावत पोचल्या तेव्हा रक्ताचा रिपोर्ट आला होता. हिमोग्लोबिन सात.

"गोळ्या घेतेस ना?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

लेकीने आईकडे पाहिलं.

"ती आमच्या कारखान्याची पावडर घेते," काटेबाई म्हणाल्या. "वर्ष होत आलं. दोन वेळा. मी स्वतः देते."

डॉक्टरीणबाईंनी रिपोर्ट खाली ठेवला. "पावडर ही गोळ्यांची जागा घेत नाही, काकू. हे तुम्ही मला विचारायला हवं होतं." मग रिपोर्ट पुन्हा पाहत म्हणाल्या, "पण डब्यावर लिहिलंय तेवढं लोह वर्षभर पोटात गेलं असतं, तर आकडा इतका खाली यायला नको होता."

हे वाक्य काटेबाईंच्या मनात कुसळासारखं रुतून बसलं.

दोन दिवसांनी मिक्सिंगच्या खोलीतला माणूस आला नाही, म्हणून फोरमनने त्यांना तिकडे धाडलं. एकोणीस वर्षांत त्या खोलीत त्या कधी काम करायला गेल्या नव्हत्या. दूध पावडर, साखर आणि कोकोची पोती यंत्रात रिकामी करायची आणि दर बॅचला जीवनसत्त्वांचं एक चंदेरी पाकीट फोडून टाकायचं, असं भिंतीवरच्या तक्त्यावर लिहिलेलं होतं. पुढे प्रत्येक बॅचला 'टाकले' अशी नोंद आणि सही.

काटेबाईंनी फडताळावरच्या खोक्यात हात घातला. हात सरळ तळाला टेकला. दुसरं खोकं ओढलं, तेही रिकामं. तिसऱ्यात जुनी रद्दी.

यंत्रावरचे म्हातारे कामगार, ज्यांना सगळे दादा म्हणत, पोत्याची शिवण उसवत होते.

"दादा, पाकिटं कुठायत?"

"कसली?"

"जीवनसत्त्वांची. लोहाची."

"ती होय!" दादांनी मानही वर केली नाही. "ती बंद होऊन दीड वर्ष झालं. माल महाग झाला, वरून निरोप आला, तूर्तास असंच चालवा. ते तूर्तास अजून चाललंय."

"मग ही सही?"

"फोरमन आठवड्याच्या सह्या एकदम ठोकतात. वजन भरायला आपण साखर वाढवतो ना. चव तीच, रंग तोच. कुणाला कळतंय?"

काटेबाई पोत्यावर बसल्या. दीड वर्ष रोज शेकडो डबे त्यांच्या हाताखालून गेले होते. एकेक ग्रॅमवरून त्यांनी भांडणं केली होती. आणि ते सगळे डबे वजनाला अगदी बरोबर होते.

"माझ्या लेकीच्या रक्ताला कळलं," त्या म्हणाल्या.

त्यांनी तक्त्याचे आणि खोक्यांचे मोबाइलवर फोटो काढले आणि एप्रन तिथेच सोडून त्या बाहेर पडल्या.

लेक पलंगावर पडून होती. सगळं ऐकल्यावर "मी तुझं ऐकलं, आई," एवढंच म्हणाली. ती रडली असती, ओरडली असती, तर काटेबाईंना जरा सोपं गेलं असतं.

दुसऱ्या दिवशी बाळाच्या कण्याची सोनोग्राफी झाली. डॉक्टरीणबाई पडद्यावर एकेक मणका निरखत होत्या. "कणा ठीक दिसतोय," शेवटी त्या म्हणाल्या. "आता रक्ताकडे बघू. लोह सलाईनमधून देऊ आणि गोळ्या माझ्यासमोर गिळायच्या."

जावयाने तोंड फिरवून डोळे पुसले. लेक उठून बसली आणि आईला म्हणाली, "तू आणखी कुणाकुणाला डबे दिलेस?"

काटेबाईंनी बोटांवर मोजलं. पाच जणी.

त्या दुपारीच त्या निघाल्या. पहिल्या तिघी गोळ्याही घेत होत्या. त्यांचं काही बिघडलं नव्हतं. चौथीच्या सासूने दारातूनच वाटेल तसं सुनावलं. काटेबाईंनी ते खाली मान घालून ऐकलं. पाचवं घर त्यांच्याच गल्लीत होतं, घरी शिवणकाम करणाऱ्या मुलीचं. तिचं बाळ चार महिन्यांचं होतं. जन्मतःच त्याच्या पाठीच्या कण्यात दोष निघाला होता, दुसऱ्याच दिवशी ऑपरेशन झालं होतं. तेव्हा काटेबाई झबलं घेऊन भेटायला गेल्या होत्या आणि "नशीब गं" म्हणून आल्या होत्या.

बाळ शिलाई मशीनशेजारी पालथं निजलं होतं. काटेबाईंनी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. मग विचारलं, "तू गोळ्या घेत होतीस का?"

"नाही," ती म्हणाली. "तुम्हीच म्हणाला होतात ना काकू, डब्यात सगळं आहे."

"त्यामुळेच झालं असं डॉक्टरही सांगू शकणार नाहीत," त्या अडखळत म्हणाल्या. "पण त्यामुळे झालंच नाही, असंही मला म्हणता येत नाही."

मशीनच्या सुईखालचं कापड तिने काढलं, घडी केलं, पुन्हा उलगडलं. मग उठून कपाटातून बाळाच्या ऑपरेशनची फाइल घेतली. "तक्रार कुठल्या कचेरीत करायची? चला."

अन्न तपासणीच्या कचेरीत अधिकाऱ्याने फोटो पाहिले, सीलबंद डबे मागितले, अर्ज भरायला दिला. "तुमचं एकमेकींशी नातं काय?" त्याने विचारलं.

कडेवरच्या बाळाला सावरत ती मुलगी म्हणाली, "शेजारी लिहा."

पंधरा दिवसांत तपासणीचा निकाल आला. डब्यांत लोह नाममात्र, फोलिक ॲसिड शून्य. दुकानांतला माल परत बोलावला, कारखान्याला टाळं लागलं. पॅकिंग हॉलमधल्या निम्म्या बायका काटेबाईंशी बोलेनाशा झाल्या. दादा एकदा रस्त्यात दिसले आणि दुसऱ्या बाजूने निघून गेले. लेकीच्या रक्ताचा आकडा हळूहळू दहाच्या वर गेला. वेळेवर मुलगी झाली, धडधाकट.

शेजारची मुलगी काटेबाईंशी कामापुरतंच बोलते. पण बाळाला व्यायामासाठी दवाखान्यात न्यायचं असतं, त्या दिवशी ती दार वाजवते. काटेबाई फाइलची पिशवी घेतात आणि दोघी बसस्टॉपकडे चालू लागतात.