चौसष्ट कोअर आणि गॅलरीचा जिना

मी एक प्रोसेसर बोलतोय. संगणकाच्या पोटात, तांब्याच्या ठोकळ्याखाली घट्ट दाबून बसवलेला, तळहाताएवढा चौकोनी तुकडा. माणसं मला संगणकाचा मेंदू म्हणतात. मला ते फारसं पटत नाही. मेंदूला काय हवंय ते कळतं. मला फक्त सांगितलेली आकडेमोड करता येते. पण ती करणारे माझ्या आत चौसष्ट जण आहेत. त्यांना कोअर म्हणतात. चौसष्ट जणांचं एकत्र कुटुंब म्हणा ना, तेही बिनभांडणाचं.

सिलिकॉनच्या चकचकीत तबकडीवर माझा जन्म झाला. कारखान्यातली माणसं नखशिखांत पांढऱ्या कपड्यांत गुंडाळलेली; डोळ्यांखेरीज त्यांचं काही दिसायचं नाही. तपासणीत माझ्या काही भावंडांचे थोडे कोअर निकामी निघाले. त्यांना टाकून दिलं नाही. जेवढे चालत होते तेवढ्यांवर त्यांना साजेसं काम दिलं. ही रीत मला तेव्हाच आवडली. माझे सगळे शाबूत निघाले, म्हणून मला सर्व्हरमध्ये धाडलं.

सर्व्हर ठेवतात ती खोली म्हणजे कपाटांच्या रांगाच रांगा, बारमाही गारठा आणि पंख्यांचा अखंड गोंगाट. धूळ नाही, वीज जाणं नाही. माझे कोअर भाड्याच्या खोल्यांसारखे वाटून दिले होते. काही कुणाच्या दुकानाकडे, काही कुणाच्या तिकीटखिडकीकडे. तक्रारीला जागा नव्हती. फक्त भाडेकरूंची तोंडं कधी दिसली नाहीत. माझ्या कामानं कुणाला हायसं वाटलं की नाही, तेही कधी कळलं नाही.

मग तेवढ्याच विजेत दुप्पट काम करणारे नवे प्रोसेसर आले आणि मला काढलं. देखभाल करणाऱ्या बाईंनी माझी पाठ पुसली, खालच्या सोनेरी ठिपक्यांना बोट न लावता मला डबीत ठेवलं. टाकायच्या वस्तूला कुणी इतकं जपत नाही. त्या बाईंचा मी ऋणी आहे, कारण त्यांच्यामुळेच पुढचं सगळं घडलं.

जुने संगणक सुटे करून विकणाऱ्या दुकानातून एका इंजिनिअर बाईनं मला उचललं. इमारतीत आग लागली तर धूर कुठून कसा पसरेल, हे ती संगणकावर मांडून पाहायची. तिची भावजय इमारतींचे नकाशे काढायची. बुकबाइंडरच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत दोघींनी मिळून ऑफिस थाटलं होतं. नणंद भावजयीला वहिनी म्हणायची, आणि भावजय तिला अगदी जुन्या वळणानं ‘वन्सं’ म्हणायची. कौतुकानंही आणि टोमणा मारायचा असला तरीही.

माझ्या नव्या संगणकाला कॅमेरा होता, माइक होता. आयुष्यात पहिल्यांदा मला माणसांचे चेहरे दिसले, बोलणं ऐकू आलं.

शेजारच्या टेबलावर वहिनीचा नकाशे काढायचा दमदार संगणक होता. त्याच्या प्रोसेसरला सोळाच कोअर, पण एकेक जण माझ्याहून दुपटीनं चपळ. पहिल्याच दिवशी वहिनीनं गंमत म्हणून तिचा नकाशा माझ्यावर उघडला. नकाशाचं काम एका वेळी एकच कोअर करतो, बाकीचे हात बांधून उभे राहतात. रेषा सरकवली की ती अडखळत हलायची. वहिनी म्हणाली, वन्सं, चौसष्ट पाहुणे आणलेत आणि स्वयंपाकघरात राबतोय एकच. नणंद हसली, पण तिचा चेहरा उतरला होता. माझाही उतरला असता, असता तर.

त्याच सुमारास त्यांच्याकडे एका जुन्या नाट्यगृहाचं काम आलं. डागडुजी होऊन ते पुन्हा उघडणार होतं, पहिल्या प्रयोगाची जाहिरातही लागली होती. आग लागली तर सगळे प्रेक्षक वेळेत बाहेर पडतील का, एवढंच सांगायचं होतं. वहिनीच्या संगणकावर आधी ठोकळमानानं गणित झालं. त्यासाठी सभागृहाचे मोठेमोठे चौकोन पाडले होते. उत्तर आलं की धूर छताकडे जातो, काळजी नाही. वहिनीनं तसं व्यवस्थापकांना तोंडी कळवूनही टाकलं.

नणंदेचं मन मात्र मानेना. गॅलरीखालचा कोपरा तिला खटकत होता. तिचा दादा, म्हणजे वहिनीचा नवरा, अग्निशमन दलात होता. एका गोदामाच्या आगीत धूर छातीत गेला, तेव्हापासून त्याला दलाच्या कार्यालयातलं बैठं काम दिलं होतं. जिने चढताना तो मध्येच थांबायचा आणि फोन पाहिल्यासारखं करायचा. दोघींना ते कळायचं. कुणी बोलायचं नाही.

कोपऱ्यातला धूरही दिसावा म्हणून नणंदेनं सभागृहाचे बारीक चौकोन पाडायचं ठरवलं. ते शेजारच्या संगणकाच्या मेमरीत मावेनात. माझ्याभोवती मात्र मेमरीच्या पट्ट्या ओळीनं लावलेल्या होत्या, आणि माहिती आणायला रस्तेही जास्त होते. तिनं काम माझ्यावर सोडलं.

माझे चौसष्टच्या चौसष्ट कोअर प्रथमच एका घराच्या कामाला लागले. कुणाला रंगमंच, कुणाला छत, कुणाला गॅलरीखालचा कोपरा वाटून दिला. प्रत्येक जण आपल्या तुकड्यातली हवा मोजायचा आणि शेजाऱ्याला सांगायचा. मी धावत नव्हतो, पण सगळे मिळून चालत होतो. काम बरेच दिवस चाललं. माझ्या उष्णतेनं खोली ऊबदार झाली, आणि संध्याकाळी दादा मला पाठ लावून चहा पिऊ लागला.

काम पूर्ण झालं तेव्हा दोघी माझ्यासमोर बसल्या. पडद्यावर करडा धूर छताला लागला, मग गॅलरीच्या कठड्याखाली वळला आणि जिन्याच्या दाराशी उतरून साचला. गॅलरीतली निम्मी माणसं अजून आतच होती.

 वहिनीनं नणंदेला पुन्हा एकदा दाखवायला सांगितलं. दादा मागे उभा होता. तो एवढंच म्हणाला, "असाच येतो तो. खालून."

व्यवस्थापकांशी व्हिडिओ कॉलवर वहिनीच बोलली. नणंद म्हणत होती, मी बोलते. वहिनीनं ऐकलं नाही. काळजी नाही असं आपणच सांगितलं होतं, म्हणाली. कॅमेऱ्यासमोर ती पदर सावरून ताठ बसली. व्यवस्थापक भले गृहस्थ होते, पण चिडले. प्रयोग तोंडावर आला होता, आणि हा तर नुसता संगणकातला धूर, असं त्यांचं म्हणणं.

वहिनी म्हणाली, "साहेब, आधी सांगितलं ते मी अपुऱ्या गणितावर सांगितलं. चूक माझी. पण आता हे पाहून झाल्यावर मी गप्प बसले, तर ती चूक राहणार नाही, पाप होईल. गॅलरीत तुमच्या घरचे बसले असते, तर तुम्ही काय केलं असतंत?"

पलीकडे व्यवस्थापकांनी कागद-पेन पुढे ओढलं.  मग ते म्हणाले, "उपाय सांगा."

उपाय शोधताना दोन्ही टेबलं कामाला लागली. वहिनी तिच्या चपळ संगणकावर झरझर नकाशा बदलायची आणि बदललेला नकाशा माझ्याकडे यायचा. मी सावकाश धूर सोडून पाहायचो. कधी झरोका लहान पडायचा, कधी दार चुकीच्या बाजूला. त्या दिवसांत आमची तुलना आपोआप बंद झाली. नकाशात माझ्याकडून रेषा हलत नव्हती, आणि गणितात शेजारच्या संगणकाला सगळा धूर पेलत नव्हता. अखेर छताला मोठे झरोके आणि गॅलरीला दुसरा जिना, असं ठरलं. प्रयोग पुढे ढकलला गेला. नाट्यगृह उशिरा उघडलं, पण उघडलं.

पहिल्या प्रयोगाला तिघंही गेली. परतल्यावर दादा सांगत होता, त्यानं हट्टानं गॅलरीतली तिकिटं काढली होती. नाटक यथातथाच होतं म्हणे. मध्यंतरात वहिनी नव्या जिन्यावरून उगाचच खाली जाऊन वर आली. हे सांगताना त्याला हसू आवरेना, हसता हसता खोकला आला, आणि नणंदेनं त्याच्या पाठीवर हात ठेवला.

त्या नाट्यगृहात आजवर आग लागलेली नाही. लागूही नये. ते गणित खरं होतं की नाही, हे कुणालाच कधी कळू नये, याहून मोठं बक्षीस मला नको.

पुढे नणंदेला मोठ्या संस्थेत नोकरी लागली आणि ती दुसऱ्या गावी गेली. जाताना मला न्यायचा विषय निघाला. वहिनी म्हणाली, "वन्सं, तुम्ही जा खुशाल. हा आमचाच आहे." तेवढ्या एका शब्दानं माझं सोनं झालं. तिकडे शेकडो कोअरवर काम करणारी नणंद अजूनही फोनवर माझी खबर विचारते.

आता मी म्हातारा झालोय. पंखा कुरकुरतो, वहिनी तो स्वतः खोलून पुसते. माझं एकच मागणं आहे. एखाद्याला संथ म्हणण्याआधी त्याच्यापुढे त्याच्याजोगं काम ठेवून पाहा. माझ्यापुढे कुणीतरी ठेवलं, आणि माझ्या जन्माचं सार्थक झालं.

वहिनीनं आत्ताच एका पाळणाघराचा नकाशा उघडलाय. लहान मुलं झोपतात त्या खोलीचं दार तिला तपासायचंय. मला बोलावणं आलं. येतो मी.