चष्म्याला दिसलेली आक्का

मित्रांनो, मी एक म्हातारी कुत्री आहे आणि माझे नाव मनी आहे. हसू नका. मांजराचे नाव कुत्रीला कसे, असे मला सगळेच विचारतात. माझे धनी आंधळे. मी पहिल्यांदा त्यांच्या घरी गेले तेव्हा त्यांनी माझ्या डोक्यावरून, कानांवरून हात फिरवला आणि ते म्हणाले, "एवढी मऊ? ही कुत्री कसली, ही तर मनी." त्यांची थोरली बहीण आक्का पोट धरून हसली आणि ते नाव मला चिकटले.

माझा जन्म वाटाड्या कुत्र्यांच्या शाळेत झाला. आंधळ्या माणसांना रस्त्याने न्यायचे काम तिथे शिकवतात. थांबायचे कुठे, वळायचे कसे, जिना आला की पाय कसा अडवायचा, हे सगळे मी शिकले. सर्वांत अवघड धडा होता न ऐकण्याचा. धनी "चल" म्हणाले आणि समोरून गाडी येत असली, तर हलायचे नाही. मारले तरी हलायचे नाही. माझ्या भावाला हा धडा कधी जमला नाही, म्हणून त्याला शाळेतून काढून टाकले. मला जमला. तेव्हा मला त्याचा फार अभिमान होता.

धनी वेताच्या खुर्च्या विणत. इमारतीच्या तळमजल्यावर पुढे त्यांचे दुकान आणि मागे दोन खोल्या. पिंपात वेत भिजत पडलेला असे आणि घराला सदैव ओल्या लाकडाचा वास येई. आक्का इस्पितळाच्या धुलाईखान्यात कामाला जाई. आई गेल्यापासून तिनेच धन्यांना सांभाळले होते. लग्नाचे विचारले की म्हणे, "एक पोरगं आहे ना पदरात. विणकाम करतं."

धनी जन्मांध नव्हते. लहानपणी मोठा ताप आला आणि त्यात त्यांचे डोळे गेले. तापात उशाशी आक्का बसून होती. त्यांना शेवटचा दिसलेला चेहरा तिचाच.

माझी उमेदीची वर्षे फार चांगली गेली. मी धन्यांना वेताच्या बाजारात नेत असे, बँकेत नेत असे, बागेत नेत असे. रस्त्यावरची माणसे बाजूला होऊन म्हणत, "बघा किती शहाणी आहे." वरच्या मजल्यावर राहणारा न्हावी धन्यांची दाढी करायला यायचा आणि येताना माझ्यासाठी हाडूक आणायचा. धनी त्याला म्हणायचे, "दाढी माझी करतोस आणि लाड हिचे." न्हावी म्हणायचा, "ती वस्तऱ्याखाली बडबड करत नाही ना."

मग एका गारठ्याच्या सकाळी आक्का उठली ती तोंड धरूनच. तिच्या तोंडावरून वारे गेले होते. ओठाची एक बाजू वर ओढली गेली, गाल ताणला गेला, शब्द बोबडे झाले. धन्यांनी विचारले, "आक्का, अशी का बोलतेस?" ती म्हणाली, "दाढ सुजलीय रे." औषधपाण्याने बोलणे हळूहळू ताळ्यावर आले, पण चेहरा काही पूर्ववत झाला नाही. ती गप्प बसली तरी कुणाला तरी हिणवते आहे असे वाटावे, असे तिचे तोंड राहिले.

तिने न्हाव्याला शपथ घातली. मी तिच्या पायाशीच होते.

"त्याला कळू द्यायचं नाही," ती म्हणाली.

"अगं, पण त्याला सांगितलं तर बिघडलं काय?"

"त्याच्या डोळ्यांपुढे मी अजून दोन वेण्यांची आहे. राहू दे तशीच. एवढी एक जागा आहे मला, जिथे मी चांगली दिसते."

न्हाव्याने मान खाली घातली आणि तो विषय पुन्हा काढला नाही.

त्याच सुमारास सगळीकडे बोलक्या चष्म्याची चर्चा सुरू झाली. आत हुशार यंत्र बसवलेला चष्मा. आंधळ्याने तो घातला की समोर काय आहे ते यंत्र त्याच्या कानात सांगते. इमारतीच्या जिन्यात दुसरा विषय नव्हता. कुणी म्हणे, आता जगात कुणी आंधळे-बहिरे राहणारच नाही. कुणी म्हणे, आज आंधळ्याच्या नाकावर बसलाय, उद्या आपल्या बोकांडी बसेल. न्हावी म्हणे, "दाढी करणारं यंत्र येईपर्यंत मला काही सांगू नका."

आक्काला मात्र त्या चष्म्याने झपाटले. मी म्हातारी होत चालले होते आणि तीही. आपल्यामागे याचे कसे होणार, हा घोर तिला सतत लागलेला असे. एक संस्था काही लोकांना चष्मे वापरायला देणार होती. तिने त्यांच्या दारात खेटे घातले, हाता-पाया पडली आणि धन्यांचा नंबर लावला.

संस्थेची बाई चष्मा घेऊन घरी आली. तिने सगळे समजावले आणि शेवटी सांगितले, "हा चेहरेही वाचतो. समोरचा खूश आहे की रागावलाय, सगळं सांगतो."

आक्काचा हात तोंडाकडे गेला. "आणि चुकला तर?" तिने विचारले.

"चुका आपण माणसं करतो, ताई. हा शिकत जातो."

आक्काने क्षणभर धन्यांकडे पाहिले. ते चष्म्यावरून बोटे फिरवत लहान मुलासारखे हसत होते. तिने तोंडावरचा हात खाली घेतला.

मित्रांनो, मी त्या चष्म्यावर खोटा आळ घेणार नाही. त्याने धन्यांना खरोखर आनंद दिला. वेत पिवळा की तांबूस हे ते स्वतः सांगू लागले. दुकानावरची पाटी त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा वाचली आणि तीवरची चूक काढली. पहिल्या दिवशी तर ते घरातल्या एकेका डब्यासमोर उभे राहून त्यावरचा कागद वाचून घेत होते.

चष्म्याचा आवाज फक्त धन्यांच्या कानात येई. इतर कुणाला तो ऐकू येत नसे. पण मी कुत्री आहे. मला ऐकू येई.

आक्का कामावरून आली. धन्यांनी मान वर केली. आवाज म्हणाला, "समोर स्त्री. वय साठच्या आसपास. चेहऱ्यावर तिरस्कार."

धन्यांचे हात विणता विणता थांबले. "पुन्हा सांग," ते पुटपुटले.

"चेहऱ्यावर तिरस्कार," आवाज म्हणाला.

"काय म्हणालास?" आक्काने विचारले.

"काही नाही. आक्का, तुला कंटाळा येतो का गं माझा?"

आक्का हसली. काय वेड्यासारखे विचारतोस, असे ते हसणे होते. मी ते हसणे वर्षानुवर्षे ऐकले होते. त्यात माया सोडून काही नव्हते. पण ती हसली की तिचा ओठ आणखी वाकडा होई. आवाज म्हणाला, "उपहास."

मी उठून धन्यांच्या मांडीवर डोके ठेवले, त्यांचा हात चाटला. त्यांनी मला ढकलून दिले. दुसरे काय करायचे ते मला शिकवलेले नव्हते.

त्यानंतर धनी रोज तिला जोखू लागले. ती जेवायला वाढी तेव्हा तिरस्कार. ती त्यांच्या सदऱ्याचे बटण लावी तेव्हा तिरस्कार. मग ते आपले ताट आपण वाढून घेऊ लागले, आपले कपडे आपण धुऊ लागले. आक्का न्हाव्याला कौतुकाने सांगे, "बघ, किती स्वावलंबी झालाय." आणि आत जाऊन रिकामे हात मांडीवर ठेवून बसे.

एकदा दाढी करताना न्हाव्याने गमतीने विचारले, "माझ्या थोबाडाबद्दल काय म्हणतो रे हा?"

"दमलेला आहे म्हणतो."

"खोटं नाही बाबा. कालपासून कंबर धरलीय."

न्हावी हसला. धनी हसले नाहीत. यंत्र न्हाव्याच्या बाबतीत खरे बोलले होते. धन्यांची उरलीसुरली शंका तिथेच संपली.

शेवटी एका दुपारी ते आक्काला म्हणाले, "तू भाचीकडे राहायला जा."

"का? तिथे काय आहे?"

"इथे काय आहे? माझं आता अडत नाही. आणि तू तरी किती दिवस ओढून ताणून करणार?"

"मी काय ओढून ताणून केलं?"

"आक्का, मला आता दिसतं. तुझं तोंड दिसतं मला. रोज बघतोय. नाही सहन होत."

आक्काचा रंग उडाला. तिने हळूच पदर ओढून ओठांवर धरला. धन्यांच्या मनात काय होते ते मला ठाऊक होते. पण तिला वेगळेच ऐकू आले. आपले वाकडे तोंड याला दिसले आणि ते याला बघवत नाही, असे तिला वाटले. तिने एक शब्द विचारला असता तर! त्यांनी एक शब्द जास्त सांगितला असता तर! मी दोघांच्या मध्ये उभी राहून भुंकले. मी घरात कधी भुंकत नसे.

"मनीलाही ने," धनी म्हणाले. "मला आता तिचं काम नाही."

अशी माझी नोकरी सुटली. ज्या पट्ट्याला धरून ते इतकी वर्षे चालले, तो त्यांनी स्वतःच्या हाताने सोडवला आणि आक्काच्या पिशवीत टाकला. माझ्या डोक्यावरून हातही फिरवला नाही.

भाची म्हणजे त्यांच्या मधल्या बहिणीची मुलगी; तिचे घर लहान. मला गॅलरीत ठेवले. पावसाची झड आली की मी भिजत असे. भाचीची मुले माझ्या शेपटीला चिमटे काढत आणि मी वळून पाहिले की मोठ्याने रडत, मग भाची मला बांधून ठेवी. आक्का दिवसभर पदराने तोंड झाकून बसे. भाची म्हणे, "मावशी, इथे कोण बघतंय?" आक्का म्हणे, "सख्ख्या भावाला बघवलं नाही, तुला काय सांगू." ती जेवायलाही सगळ्यांच्या पाठीमागे बसू लागली.

बऱ्याच महिन्यांनी दाराशी ओळखीचा वास आला. धनी आले होते, बरोबर न्हावी होता. न्हाव्यानेच दारात उभ्या उभ्या भाचीला सारे सांगितले. दाढी करताना धनी बोलून गेले होते की, आक्का मनातून माझा तिरस्कार करत होती आणि तोंडाने गोड बोलत होती. न्हाव्याचा वस्तरा गालावरच थांबला. "अरे गाढवा," तो म्हणाला होता, "तिच्या तोंडावरून वारं गेलंय."

धनी आत आले. चष्मा त्यांनी खिशात ठेवला होता. ते चाचपडत आक्काच्या खुर्चीपाशी आले आणि जमिनीवर बसले.

"चुकलो, आक्का. मला ठाऊक नव्हतं. यंत्र म्हणालं, तुझ्या चेहऱ्यावर तिरस्कार आहे."

आक्काने ओठांवरचा पदर घट्ट धरला. मग म्हणाली, "म्हणजे माझं तोंड तुला किळसवाणं वाटलं, असं नव्हतं?"

"छे गं. मला वाटलं, तुलाच मी नकोसा झालोय."

"ते यंत्र म्हणालं आणि तू मानलंस."

"हो."

"जन्मभर माझ्या हातचं खाल्लंस. एकदा मला विचारायचं होतंस."

त्यांनी तिच्या गालाला लावण्यासाठी हात पुढे केला. तिने चेहरा बाजूला फिरवला. हात हवेत राहिला.

"घरी चल," ते म्हणाले.

"नाही."

मित्रांनो, राग आम्हा कुत्र्यांना वासाने कळतो. आक्काच्या अंगाला रागाचा वास नव्हता. राग असता तर बरे झाले असते, तो ओसरतो. तिथे काहीच नव्हते. भाडेकरू सोडून गेलेल्या खोलीला येतो तसा वास येत होता.

ती भाचीला म्हणाली, "त्याला पाणी दे आणि खालपर्यंत पोचव."

"कशाला, मी आपला जाईन," धनी म्हणाले आणि उठले. जिना अनोळखी होता. माझे पाय आता धड उभेही राहत नव्हते. त्यांनी खिशातून चष्मा काढून डोळ्यांवर चढवला. तो नेमका आक्काकडे वळला आणि बोलला. सगळे कळलेले असूनही धन्यांचा चेहरा चटका बसावा तसा आक्रसला. आक्काने ते पाहिले.

"काय म्हणाला?" तिने विचारले.

"काही नाही. पुढे उंबरा आहे म्हणाला."

"खोटं बोलायला तो नाही शिकला. तू शिकलास."

धनी गेले. न्हाव्याने मला हाडूक आणले होते, ते तसेच त्याच्या हातात राहिले.

पुढे न्हाव्याने संस्थेकडे तक्रार केली. त्यांनी ती ऐकून घेतली, आभारही मानले. आता म्हणे त्या चष्म्याला वारे गेलेला चेहरा ओळखता येतो, तो अशा चेहऱ्याबद्दल काही सांगत नाही. यंत्र सुधारले. आक्का परत गेली नाही. धनी एक-दोनदा आले, दाराशी बसून गेले, मग येईनासे झाले.

मित्रांनो, मी आता फार दिवसांची सोबती नाही. मला तुमच्याकडे भाकरीचा तुकडाही मागायचा नाही. तुमच्या घरी उद्या माझ्याहून शहाणी यंत्रे येतील. ती तुम्हाला रस्ता दाखवतील, तुमच्यासाठी वाचतील. त्यांना खुशाल घरात घ्या. पण तुमच्या माणसाच्या मनात काय आहे, हे त्यांना विचारू नका. मलासुद्धा विचारू नका. त्या माणसाजवळ जाऊन बसा आणि त्यालाच विचारा. विचारायला लाज वाटली तरी विचारा, आणि तो उत्तर देईपर्यंत उठू नका.

मला हे सगळे त्या पहिल्याच दिवशी ठाऊक होते. पण त्या दुपारी मी मध्ये उभी राहून भुंकले, तेव्हा ते दोघेही म्हणाले होते, "मनी, गप."