छताचं काम

सुट्टीतल्या वर्गाच्या पोस्टरचा चौथा कोपरा दाबायचा राहिला होता, तेवढ्यात खिळेकाका फाटकातून आत येताना दिसले आणि ग्रंथपाल बाईंनी स्टुलावर उभ्याउभ्याच ते पोस्टर खेचून काढलं. चिकटपट्टीबरोबर भिंतीच्या रंगाचा पोपडाही निघाला. खाली उतरून त्यांनी पोस्टर टेबलावर पालथं टाकलं, वर दोन जाड शब्दकोश ठेवले आणि चेहरा जमेल तितका रोजच्यासारखा केला.

"यंदा उशीर झालाय की काय?" काका दारातूनच म्हणाले. "सुट्ट्या लागून चार दिवस झाले. माझा बुधवार कधीपासून?"

काका पस्तीस वर्षं छापखान्यात खिळे जुळवत होते. निवृत्त झाल्यापासून, म्हणजे गेले चौदा उन्हाळे, वाचनालयाच्या सुट्टीतल्या वर्गात दर बुधवारी ते मुलांना गोष्ट सांगत. नव्यानं आलेल्या प्रत्येक मुलाच्या तळहातावर ते त्याच्या नावाच्या पहिल्या अक्षराचा शिशाचा खिळा ठेवत. अक्षर उलटं कसं, म्हणून मुलं हरखून जात. त्यावरूनच मुलांनी त्यांना हे नाव पाडलं होतं, आणि आता मोठी माणसंही त्यांना त्याच नावानं हाक मारत.

गेल्या उन्हाळ्यात मात्र एका बुधवारी त्यांच्या गोष्टीतला नावाडी तासाभरात तीनदा किनाऱ्याला लागला. तिन्ही वेळा त्यानं नाव त्याच खुंटाला बांधली, तिन्ही वेळा तेच वाक्य बोलला. पुढच्या रांगेतली मुलं वाक्य आधीच म्हणून टाकायला लागली, मग मागची खिदळायला लागली. दुसऱ्या दिवशी दोघी आया तक्रार घेऊन आल्या. वाचनालयाचे अध्यक्ष दातांचे डॉक्टर होते. ते म्हणाले, "त्यांचा मान राखून, हळूच सांगून टाका. तुम्हाला जमेल ते." एवढं बोलून त्यांनी आपलं अंग काढून घेतलं.

बाईंनी दहा महिने वाक्यं जुळवली होती. आता समोर काका उभे होते, घाम पुसत, बुधवार मागत, आणि त्यांतलं एकही वाक्य तोंडाशी येईना. बाईंची नजर उगाच वर गेली. लाकडी छताला, बालविभागाच्या बरोबर वर, चहा सांडल्यासारखा एक डाग होता. कित्येक वर्षांचा.

"यंदा वर्ग नाही, काका," त्या म्हणाल्या. "छताचं काम निघालंय."

"असं? करतंय कोण?"

"म्हणजे... अजून नगरपालिकेकडे अर्ज द्यायचाय."

"अर्जच दिलेला नाही?" काकांनी मान वर करून डागाकडे बराच वेळ पाहिलं. "एका डागापायी मुलांची अख्खी सुट्टी फुकट? हे काही बरोबर नाही, बाई. तुम्ही एकट्या किती धावणार? बघतो मी."

बघतो म्हणजे काय, ते बाईंना दुसऱ्या दिवशी संध्याकाळी कळलं. काका अर्ज लिहूनच घेऊन आले. एकेक अक्षर सुटं, ताठ, ओतून काढल्यासारखं. खाली सह्यांसाठी रेघा आखलेल्या.

"पहिली सही तुमची," त्यांनी कागद पुढे केला. "तुमची असली की लोक का-कू करणार नाहीत."

बाईंनी सही केली. करताना हात जरासुद्धा अडखळला नाही, याचंच त्यांना पुढे जास्त वाईट वाटत राहिलं.

वर्ग सोमवारी सुरू झाला. वेळ सकाळी नऊ ते अकरा. सकाळी काकांचे गुडघे धरलेले असत, चारच्या आत ते घराबाहेर पडत नसत. बाईंनी हा हिशोब करूनच वेळ ठरवली होती. सव्वाअकराला मुलं गेली की पोस्टर उतरायचं, सतरंजी गुंडाळायची, मुलांनी काढलेली चित्रं कपाटात जायची. चार वाजता काका येत तेव्हा बालविभाग जसा ओसाड दिसायला हवा तसा दिसे.

"बाई, रोज लावायचं आणि रोज काढायचं," शिपाई एकदा पोस्टरची सुरळी करत म्हणाला, "पोस्टर आहे का नाटकाचा पडदा?"

बाई हसल्या नाहीत. शिपायानंही मग तो विषय पुन्हा काढला नाही.

काका रोज संध्याकाळी एक गल्ली घेत होते. पुठ्ठ्याला चिमटा लावून त्यात कागद अडकवलेले, खिशाला पेन. पहिल्याच आठवड्यात औषधांच्या दुकानदाराचा फोन आला.

"बाई, ही छताची काय भानगड आहे? माझी पोर तर रोज तुमच्याकडे येतेय."

"सही केलीत?"

"केली की. एवढ्या उन्हातून आलेले, त्यांना नाही कसं म्हणायचं?"

"मग एवढंच करा. वर्गाचं त्यांच्याजवळ काही बोलू नका."

दुकानदार म्हणाला, "बरं." आजाऱ्याच्या नातेवाइकांशी बोलतात तसा त्याचा आवाज झाला होता.

हळूहळू ते सगळ्यांनाच कळलं. शिंप्याला, न्हाव्याला, सायकलवाल्याला. काका दुकानात आले की लोक उठून खुर्ची देत, पाणी देत, सही करत आणि जीभ चावून गप्प बसत. काका रोज बाईंना नवी पानं दाखवत. पहिल्याच पानावर, सातव्या रेघेवर, गेल्या वर्षी तक्रार घेऊन आलेल्या दोघींपैकी एकीची सही होती. बाईंना आधी वाटलं होतं, खोटं एकटीच्या पोटात राहील. आता ते गावभर झालं होतं. ठाऊक नव्हतं ते फक्त काकांना.

तिसऱ्या सोमवारी काकांनी सह्यांचा गठ्ठा बाईंकडे दिला, आणि बाईंना तो नगरपालिकेत पोचवावाच लागला. त्या बुधवारी बाहुल्यांचा खेळ ठेवला होता. काकांचाच वार. बाईंनी मुद्दाम ठेवला नव्हता. खेळवाल्या बाईंना दुसरा दिवस मोकळा नव्हता, एवढंच. चाळीसेक मुलं सतरंजीवर दाटीनं बसली होती आणि पडद्यावर राजाची मिशी नुकतीच गळून पडली होती, तेवढ्यात नगरपालिकेची इंजिनिअर आली. तरुण मुलगी, मागे शिडी घेतलेले दोघेजण.

"आज नको हो," बाई दारातच म्हणाल्या. "मुलं आहेत आत."

"दहा मिनिटांचं काम आहे. एकशे शहाऐंशी सह्यांचा अर्ज आमच्या साहेबांनी जन्मात पहिल्यांदा पाहिला. आजच जा म्हणाले."

शिडी भिंतीला लागली. मुलींनी माना वळवल्या, मुलांनी टाळ्या वाजवल्या, त्यांना वाटलं हाही खेळातलाच भाग. इंजिनिअर वर चढली, डागाशेजारच्या तुळईवर तिनं बोटानं ठोकलं, कान लावला, मग खिशातला स्क्रू ड्रायव्हर काढून टोचला. तो मुठीपर्यंत आत गेला. तिनं तो बाहेर काढला तेव्हा पिवळट भुगा धारेसारखा खाली सतरंजीवर पडला.

ती सावकाश खाली उतरली आणि बाईंच्या कानाशी येऊन म्हणाली, "मुलांना बाहेर काढा. घाई नको, आरडाओरडा नको. पण आत्ता."

बाईंनी मुलांना एकमेकांचे हात धरायला लावले आणि रांगेनं अंगणात नेलं. शेवटची चिमुरडी चप्पल शोधत बसली होती, तिला त्यांनी उचलूनच बाहेर आणलं.

"वाळवीनं आतून पोखरलीय सगळी," इंजिनिअर नंतर कागदावर लिहीत म्हणाली. "फार दिवस धरली नसती. पहिली सही तुमची ना? नुसत्या डागावरून ओळखलंत? मानलं पाहिजे."

बाई काहीतरी म्हणायला गेल्या, पण तोवर मुलांना न्यायला आलेल्या आया भोवती जमल्या होत्या. एकीनं बाईंचा हात हातात घेतला आणि सोडेचना. अध्यक्ष दवाखाना सोडून धावत आले, आणि दहा माणसांदेखत म्हणाले, "आमच्या बाईंचं लक्ष असतं म्हणून हे वाचनालय उभं आहे." बाईंना वाटलं, याच्यापेक्षा कोणी थोबाडीत मारली असती तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी बाई काकांच्या घरी गेल्या. सुनेनं दार उघडलं. काका खिडकीशी बसून एका फाटक्या पुस्तकाच्या पाठीला खळ लावत होते.

"या, या! कानावर आलं माझ्या. लागलं नाही ना कोणा मुलाला?"

"नाही."

"सुटलो." त्यांनी ब्रश बुडवला, आणि मग हात थांबला. "पण मुलं तिथे कशी होती?"

इतके दिवस बाईंना जे वाक्य सापडत नव्हतं, ते आता आपोआप आलं.

"वर्ग चालू होता, काका. पहिल्या दिवसापासून. छताचं मी खोटं सांगितलं तुम्हाला."

"का बरं?"

"गेल्या वर्षी गोष्ट सांगताना तुम्ही फिरून फिरून तिथेच येत होता. नावाडी तीनदा किनाऱ्याला लागला. तक्रार आली. तुम्हाला तोंडावर सांगायचा मला धीर झाला नाही."

"तीनदा?"

"हो."

काका आठवून पाहत होते. कपाळावर आठी पडली, गेली, पुन्हा पडली. ब्रशवरची खळ त्यांच्या धोतरावर टपकली.

"मुलं हसत होती," ते म्हणाले. "मला वाटलं, गोष्टीला हसतायत."

"मला माफ करा," बाई म्हणाल्या. काकांनी मान हलवली, रस्त्यात ओळखीचं कोणी दिसलं की हलवतात तशी. मग पुस्तक मिटून त्यावर तळहात ठेवला.

"हे दाबून ठेवायला लागतं," ते म्हणाले. "नाहीतर वाकडं वाळतं."

ते तसेच हात ठेवून बसून राहिले. बाई उठल्या तेव्हा सून स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं. ती फाटकापर्यंत सोडायला आली.

घरी जाताना बाईंना छातीवरचं ओझं उतरल्यासारखं वाटलं. कोपऱ्यावर वळेपर्यंत तसंच वाटत राहिलं, आणि मग त्यांना त्या हलकेपणाचीच लाज वाटली.

त्यानंतर आठवड्याभरात आत टेकू लागले. वाचनालय व्हरांड्यात आलं: दोन टेबलं, चार कपाटं, वर्तमानपत्रांचा बाक. एका संध्याकाळी काकांची सून भराभर चालत आली.

"मामंजी मागून येतायत," ती म्हणाली. "ते यायच्या आत बोलायचंय. तुम्ही येऊन गेलात, त्यानंतर चार दिवस ते खोलीबाहेर आले नाहीत. ताट तसंच परत यायचं. खिळ्यांचा डबा माझ्या हातात देऊन म्हणाले, फेकून दे. पाचव्या दिवशी उठले, दाढी केली आणि मला विचारलं, बाईंनी अर्ज पोचवला का ग?"

बाई तिच्याकडे बघत राहिल्या. "विसरले?"

"सगळं. तुम्ही घरी आला होता हेसुद्धा." सुनेच्या आवाजात राग नव्हता. असता तर ऐकायला सोपं गेलं असतं. "तुम्हाला वाटेल, पुन्हा एकदा सांगावं. नका सांगू, बाई. तुम्ही सांगून मोकळ्या झालात. ते चार दिवस आम्ही काढले."

फाटक वाजलं. काका आले, व्हरांड्याच्या पायऱ्या एकेक करून चढले आणि खिडकीतून आतल्या टेकूंकडे पाहून त्यांचा चेहरा फुलला.

"बघा! तरी मी म्हणत होतो, अर्ज करायलाच हवा."

"हो, काका."

"तुम्ही पहिली सही केलीत, म्हणून लोकांनी केल्या. नाहीतर या म्हाताऱ्याचं कोण ऐकतंय?"

बाईंनी त्यांच्यापुढे खुर्ची सरकवली. काका बसले नाहीत. खुर्चीच्या पाठीला धरून उभे राहिले.

"ही सुट्टी गेलीच म्हणा. पण पुढच्या उन्हाळ्यात बुधवार माझा ना? लिहून ठेवा बाई. हल्ली मी जरा विसरतो."

सून रस्त्याकडे बघायला लागली. बाईंनी ड्रॉवर ओढून कार्यक्रमांची वही काढली, पुढच्या वर्षाचं कोरं पान उघडलं आणि टेबलावरची पेन्सिल उचलली.

"पेन्सिल नको," काका म्हणाले. "शाईनं लिहा."

बाईंनी पेन्सिल खाली ठेवली. पेनचं टोपण काढलं. 'बुधवार' लिहिलं आणि त्यापुढे काकांचं पूर्ण नाव लिहिलं. काका टेबलावर वाकून, चष्मा वर सरकवून, एकेक अक्षर तपासत होते.

"शिरोरेषा वाकडी आलीय," ते खूश होऊन म्हणाले.

बाईंनी मोजपट्टी घेतली आणि ती रेघ पुन्हा एकदा ओढली, नावाच्या शेवटापर्यंत.